उशिराचं शून्य

सोमवार, ४ सप्टेंबर

आज नववीचा विज्ञानाचा वर्ग रीतसर माझा झाला. आधीचे सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दिली, फुटक्या काचनळ्यांचा एक डबा दिला ("फेकू नका, मुलांना भीती घालायला बऱ्या पडतात") आणि एक लाकडी पेटी दिली. पेटीला वर फट आहे. प्रत्येक प्रयोगाचा अहवाल ठरल्या दिवशी, पहिल्या घंटेच्या आत, त्या फटीतून आत पडला पाहिजे. घंटा झाली की सर फटीवर पट्टी सरकवायचे. नंतर आलेल्या अहवालाला शून्य. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही.

"कारणं ऐकायला लागलात की संपलात बाई," सर म्हणाले. "फार चांगली असतात हो कारणं. एकेक ऐकून डोळ्यांत पाणी येतं."

मी हसले, पण मनात ठरलं होतं. ही पेटी मी वापरणार नाही.

सातवीत मला निबंधाला असंच शून्य मिळालं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांचा पाय कामावर जायबंदी झाला, आम्ही सगळे दवाखान्यात होतो, आणि दुसऱ्या दिवशी निबंध नेला तर बाईंनी वर न बघताच त्यावर शून्य काढलं. आज मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. एवढं शिकून तेच शून्य पुढच्यांना वाटायचं असेल, तर शिकले कशाला?

बुधवार, ६ सप्टेंबर

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना भेटले. रात्री पाठ केल्यासारखं सगळं बोलले. शून्य याचा अर्थ, मुलाला काही येत नाही. उशीर याचा अर्थ, उशीर झाला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच आकड्यात कोंबणं अन्याय आहे. अहवाल दोन दिवस उशिरा आला म्हणून त्यातलं विज्ञान नासत नाही.

"दूध नाही ते, खरंय," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या कागदांवर सह्या करत होत्या. "करून बघा हे सत्र. पण एक डिसेंबरला गुणपत्रक ऑफिसात गेलं पाहिजे. दहा अहवाल, शंभर गुण. साठ मिळाले त्यालाच पुढच्या वर्षी विज्ञान गट. त्या दिवसानंतर ऑफिस कुणाचं काही घेत नाही. ऑफिसला कारणं वाचता येत नाहीत."

मी म्हटलं, तोवर सगळ्यांचे आलेले असतील.

वर्गात सांगितलं. तारीख असेल, पण ती सोयीसाठी. उशीर झाला तर चालेल, मन लावून लिहा, आणा, मी घेईन. मागून कुणीतरी विचारलं, "बाई, खरंच?"

शुक्रवार, २२ सप्टेंबर

पहिले दोन अहवाल झाले. बहुतेकांनी वेळेवरच दिले. माणसावर विश्वास टाकला की तो त्याला जागतो, असं मी कायम म्हणत आले आहे.

दोन मुलांबद्दल लिहून ठेवते. एकाला वर्गात कासव म्हणतात. तो एक वाक्य लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. सरांच्या काळात त्याला ओळीने शून्यं मिळायची. माझ्याकडे त्याचा पहिला अहवाल पाच दिवस उशिरा आला, आणि इतका नेटका, की मी तो आईला दाखवायला घरी आणला. दुसरी मुलगी टाचणी. हे नावही वर्गानेच ठेवलेलं. बारीक आहे आणि बोलते ते बरोबर टोचतं. मीठ विरघळलं की पाण्याची पातळी वाढते का, यावर तिने मला आज पंधरा मिनिटं धारेवर धरलं. तिला विज्ञान गटच हवा आहे, पुढे प्रयोगशाळेत काम करायचं आहे. दोन्ही अहवालांना नऊ-नऊ गुण.

आमच्याकडे टेबल एकच. मुलांच्या नोंदवह्या तपासून द्यायची माझी उद्याची तारीख होती, म्हणून आई धाकट्या बहिणीला म्हणाली, "तिला उठवू नकोस, तिचं तारखेचं काम आहे. तू भांडी घे." धाकटी गुणाची आहे, कधी कुरकुर करत नाही. तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा आहे, पण तिला काय, कधीही वाचलं तरी चालतं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

पालकसभा. टाचणीची आई आली होती. एक बाळ कडेवर, एक बाबागाडीत. जुळी आहेत, मोठ्या मुलीची. मोठी मुलगी हॉटेलात स्वागतकक्षात असते, तिचा नवरा बाहेरगावी, त्यामुळे पोरं आजीकडे.

"तुमचे उपकार आहेत बाई," त्या म्हणाल्या. "आधीच्या सरांच्या वेळी अहवालाच्या आदल्या दिवशी घरात संचारबंदी. ही बया आतून कडी लावून बसायची. पोरं रडोत, दूध उतू जावो, हाक मारायची सोय नाही. काही म्हटलं की, शून्य मिळेल. आता कशी, हाक मारली की येते. म्हणते, बाई नंतर घेतील."

मला फार बरं वाटलं. शाळेचा नियम सैल झाला की घरातली माणसं एकमेकांच्या जवळ येतात, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मोठ्या बाईंना सांगायला हवा.

गणिताचे सर शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी ऐकलं असणार. चहा घेताना म्हणाले, "बाई, तुम्ही नियम काढला नाहीत. पुढे ढकललात."

मी म्हटलं, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत वजाबाकीच दिसते.

"बेरीज पण दिसते. साचलेल्या अहवालांची."

सोमवार, ३० ऑक्टोबर

सर म्हणाले ते अगदी खोटं नाही. सहा अहवाल व्हायला हवे होते, वर्गातल्या निम्म्यांचे तीन-चारच आहेत. टाचणीचे अजून दोनच. तिसरा कुठाय विचारलं, तर म्हणाली, "अर्धा झालाय बाई." चौथा? "डोक्यात झालाय." तिच्या डोक्यात झाला असेल यात शंका नाही, वर्गात सगळ्यात आधी हात तिचाच वर असतो. पण डोक्याला गुण कसे देऊ?

कासवाचे मात्र सगळे आले. शेवटच्याला मी दहापैकी दहा दिले. एका मुलाचं जरी भलं झालं तरी माझं बरोबर होतं असं म्हणता येईल का? की दुसऱ्या मुलीचं नुकसान त्यातून वजा करायचं? पुन्हा वजाबाकी.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. मधल्या सुट्टीत टाचणी प्रयोगशाळेत आली. मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते.

"बाई, एक मागायचं होतं. द्याल?"

"माग की."

"एक शून्य."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"तिसऱ्या अहवालाला," ती म्हणाली. "लाल पेनने. खाली तुमची सही आणि शाळेचा शिक्का."

"शून्य मागून घेतं का कुणी? अगं, तू लिहून आण, मी घेईन. कधी नाही म्हटलंय का मी तुला?"

"तेच ना," ती म्हणाली आणि गेली.

दिवसभर डोक्यातून गेलं नाही. मला वाटतं तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे. आपण शिक्षेच्याच लायकीचे आहोत असं मुलांना वाटायला लागतं, असं आम्हाला अभ्यासक्रमात होतं. मी एका कार्डावर 'तू हुशार आहेस, हे विसरू नकोस' असं लिहून तिच्या दप्तरात ठेवलं. संध्याकाळी बाहेर पडताना बघितलं, ते कार्ड ती शेजारणीला वारा घालायला वापरत होती.

घरी आईला सांगितलं. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते, दिवसभर उभी असते, म्हणून पाय वर करून पडली होती. म्हणाली, "तुझं नाही का ते निबंधाचं शून्य? किती रडलीस. तेव्हा मी तुझ्या आत्याला आणि सगळ्यांना बजावलं, हिला संध्याकाळी कुणी कामाला हाक मारायची नाही. पुढे कधी मिळालं का तुला शून्य?"

मी म्हटलं, प्रश्न तो नाही, ते शून्य अन्यायाचं होतं.

"होतंच," आई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते?"

मंगळवार, १४ नोव्हेंबर

कार्डाने काही झालं नाही. म्हणून शाळा सुटल्यावर टाचणीच्या घरी गेले.

तिसरा मजला. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर दुधाच्या बाटल्या, ओले लंगोट वाळत घातलेल्या दोऱ्या खुर्च्यांना बांधलेल्या, आणि त्यांच्या मधून टाचणी एका बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. दुसरं बाळ तिची पट्टी चघळत होतं. मला बघून ती थांबली, तर खांद्यावरचं रडायला लागलं, म्हणून पुन्हा चालू लागली.

मी तिच्या आईला सगळं सांगितलं. आठ अहवाल बाकी आहेत. साठ गुण झाले नाहीत तर विज्ञान मिळणार नाही. एक डिसेंबरनंतर मलाही काही करता येणार नाही.

त्या उभ्याच राहिल्या. "काय गं, हे तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते," टाचणी फेरी मारता मारता म्हणाली. "तू म्हणालीस, तुझ्या बाई चांगल्या आहेत, घेतील."

"बाई घेतील हे तूच सांगितलंस ना मला?"

"मग काय, खोटं सांगू?"

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "राग मानू नका बाई. पण या घरात उठल्यापासून जो तो म्हणतो, आत्ता. या दोघांना दूध आत्ता. मोठीची ड्युटी आत्ता. हिच्या वडलांना डबा आत्ता. एकट्या तुम्ही म्हणालात, केव्हाही चालेल. मग मी मागे कुणाला ठेवू?"

मी येते म्हटलं आणि जिना उतरले.

परत येताना रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. शून्य तिला स्वतःसाठी नकोच होतं. घरी नेऊन दाखवायला हवं होतं. मी तिच्या हातातली एकच गोष्ट काढून घेतली, आणि वर तिला कार्ड दिलं.

बुधवार, १५ नोव्हेंबर

सकाळी मोठ्या बाईंची परवानगी घेतली, सरांची लाकडी पेटी कपाटातून बाहेर काढली आणि वर्गात फळ्यावर तारखा लिहिल्या. उरलेल्या प्रत्येक अहवालाला एक तारीख. पहिल्या घंटेनंतर शून्य. सगळ्यांना.

वर्गाला मी कधीतरी हे करणारच असं वाटत होतं, असं दिसलं. कासवाने हात वर केला. मी त्याला बोलायला लावते तेव्हाच तो बोलतो, आज आपणहून.

"बाई, माझा एवढ्यात होणार नाही. म्हणजे होईल, चांगला होणार नाही."

"जेवढा होईल तेवढा दे."

त्याने एकेक शब्द जुळवला. "पण तुम्हीच म्हणाला होतात, उशीर म्हणजे उशीर आणि विज्ञान म्हणजे विज्ञान."

पाठ होतं त्याला. मी म्हटलं, हो, म्हणाले होते. आणि धडा सुरू केला.

सुट्टीत टाचणी आली. मी तिसऱ्या अहवालाचा तिचा अर्धवट कागद पुढे घेतला, लाल पेन काढलं. आयुष्यात दिलेलं पहिलं शून्य.

"जरा मोठं काढा बाई," ती म्हणाली. "बाळाने आईचा चष्मा मोडलाय."

मी मोठं काढलं.

सोमवार, २० नोव्हेंबर

टाचणीचा अहवाल वेळेवर आला. घाईत लिहिलेला आहे, आकृतीत बाण उलटा आहे, सात दिले. घरी काय झालं विचारलं. "आईने ताईला फोन केला. म्हणाली, तुझी पोरं तू बघ, हिच्या तारखा आहेत."

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. तेवढ्यात दुपारी शिपाई निरोप घेऊन आला, कुणी भेटायला आलंय. बाहेर ती ताई उभी होती. हॉटेलचा कोट, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

"तुम्हीच का शून्यवाल्या बाई?"

मी हो म्हटलं.

"छान. तुमचं एक शून्य, आणि माझ्या ड्युट्या बदलल्या. आता मी पहाटे चारला कामावर जाते, दुपारी येऊन पोरं घेते. आमच्या साहेबांना काय सांगितलं माहितीये? माझ्या बहिणीचा मीठ विरघळवण्याचा कार्यक्रम आहे म्हणून."

"मला वाईट वाटतं," मी म्हटलं. "पण तिच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"कळतं हो. मला कुणी अशी तारीख दिली नव्हती शाळेत, म्हणून कळतं." ती जायला निघाली, मग वळली. "एक सांगते. एवढं करून तिला विज्ञान मिळालं नाही ना, तर मी इथे येऊन बसेन. दोन्ही पोरं घेऊन."

दंड म्हटलं की मला वाटायचं, तो उशीर करणारा भरतो. इथे तो भलतीकडेच वसूल झाला. पण दंड नव्हता तेव्हाही टाचणी भरतच होती, फक्त कुणाला दिसत नव्हतं. न्याय कशाला म्हणायचं, भार हलवण्याला?

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

कासवाला पाच. आकृती अर्धी. निष्कर्षाचं वाक्य मध्येच तुटलेलं.

"इथे का थांबलास?"

"घंटा झाली."

मला त्याच्यासाठी वेगळी तारीख ठेवता आली असती. गणिताच्या सरांना विचारलं. म्हणाले, "एकाला दिलीत की उरलेले सगळे उद्यापासून कासवं होतील. मीसुद्धा होईन." खूप विचार करून मी एक केलं. उशिरा घेणार नाही, पण लवकर द्यायला कुणाची बंदी आहे? उरलेल्या प्रयोगांची माहिती सगळ्या वर्गाला आजच दिली. ज्याला हवं त्याने आतापासून लिहावं. कासवाने कागद घेतले आणि दप्तरात न ठेवता तिथेच वाचत उभा राहिला.

हे मला सप्टेंबरात का सुचलं नाही?

घरी हे सगळं जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "अगदी बरोबर केलंस." धाकटी वाढत होती. म्हणाली, "तुझ्या त्या मुलीचं बरं आहे." मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, "काही नाही, दूध वर येईल, बघते." परीक्षा जवळ आल्यामुळे ती हल्ली तुटक बोलते. गुणपत्रकाचं काम संपलं की मी तिला जरा शिकवीन. या आठवड्यात टेबल मला लागेल.

बुधवार, २९ नोव्हेंबर

आज नववा अहवाल. काल रात्री हिशेब मांडला होता. टाचणीचे आतापर्यंतचे बावन्न. नववा आणि दहावा, दोन्हींत मिळून आठ पुरेत. मी निश्चिंत होते.

घंटा झाली, मी पेटीच्या फटीवर पट्टी सरकवली, हजेरी घेतली. टाचणी नव्हती. पहिला तास अर्ध्यावर आला तेव्हा ती दारात दिसली, धापा टाकत, हातात अहवाल. तिच्या मागे तिची आई, कडेवर बाळ. बाळाचे गाल लाल होते.

मी वर्गाला वाचायला सांगून बाहेर गेले.

"माझ्यामुळे झालं बाई," आई म्हणाल्या. "याला रात्रीपासून ताप. मोठी ड्युटीवर. मी याला घेऊन डॉक्टरकडे गेले, दुसऱ्याला हिच्याकडे ठेवलं, आत्ता कुठे शेजारी सोपवलं. अहवाल पूर्ण आहे हो, रात्रीच झालाय. बघा हवं तर. तिची काही चूक नाही."

मी अहवाल हातात घेतला. खरंच पूर्ण होता. आत्तापर्यंतचा तिचा सगळ्यात चांगला होता, हे उभ्या उभ्याही दिसत होतं. आणि कारण खरं होतं. कारणच कडेवर बसून माझ्याकडे बघत होतं.

सातवीतल्या त्या बाईंनी वर बघितलं नव्हतं. मी वर बघत होते, हा एवढाच फरक होता का?

"या एका वेळी..." मी बोलायला सुरुवात केली.

टाचणी मध्येच म्हणाली, "शून्य लिहा बाई."

"अगं, गप्प बस," आई म्हणाल्या. "बाई घेतायत."

"म्हणूनच." ती आईशी नाही, माझ्याशी बोलत होती. "आज घेतलात तर पुढच्या वेळी ताप नसला तरी काहीतरी असेल. या घरात काहीतरी असतंच."

बाळाने माझं पेन ओढायचा प्रयत्न केला.

मी टाचणीला हळू सांगितलं, आज शून्य दिलं तर उद्याच्या अहवालात दहापैकी आठ तरी हवेत. त्याखाली गेलीस तर मी काही करू शकत नाही. ती म्हणाली, माहितीये, मी पण मांडलाय हिशेब.

मी अहवाल भिंतीला टेकवला आणि पहिल्या पानावर शून्य लिहिलं. तिच्या आईच्या डोळ्यांदेखत. नीट गोल आलं नाही.

त्या ते बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा मला बोलतील. पण त्यांनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मुलीला विचारलं, "उद्याचा कुठला आहे?"

"चुंबकाचा."

"किती वेळ लागतो?"

"दोन तास. सलग."

"सलग," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

पेटी उघडली तर तिचा अहवाल सगळ्यात खाली होता, म्हणजे सगळ्यात आधी आलेला. मी तो तपासायला घेतला आणि बाजूला ठेवला. मला माझ्यावर भरवसा नव्हता. सात असले तरी मला आठ दिसले असते.

नाव झाकून गणिताच्या सरांना दिला. त्यांना विज्ञान येतं, ते मान्य करत नाहीत एवढंच. त्यांनी चष्मा लावून वाचला, दोनदा मागे गेले, मला एक प्रश्न विचारला आणि खाली आठ लिहिले.

"नऊ का नाही?" मी विचारलं.

"निष्कर्ष नीट आहे, पण मोजमापाचं एकक एके ठिकाणी राहिलंय. का? कुणाचा आहे?"

मी सांगितलं. सर आठ खोडून नऊ करतील की काय असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शुक्रवार, १ डिसेंबर

गुणपत्रक दहा वाजता ऑफिसात दिलं. टाचणी साठ. कासव अडुसष्ट. त्याला चांगले ऐंशी तरी पडले असते, ते कुणीकडे गेले हे मला माहीत आहे. त्याच्या शेवटच्या अहवालाला आठ आहेत. लवकर दिल्याचा थोडा उपयोग झाला, पूर्ण नाही. नियम न्यायाचा आहे का, असं मोठ्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. सप्टेंबरात मला सांगता येत होतं. त्या म्हणाल्या, "पुढच्या सत्रात काय?" मी म्हटलं, तारखा ठेवीन, प्रयोग आधी देईन, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या घरी जाऊन येईन. त्यांनी ते लिहून घेतलं. हे त्या कधी करत नाहीत.

टाचणीला व्हरांड्यात गाठलं. साठ झाले म्हणून सांगितलं. मला वाटलं उडी मारेल. तिने फक्त दप्तराचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

"बाई, पुढच्या वर्षीच्या तारखा आत्ता मिळतील का?"

"आत्ता? अजून वेळापत्रकही नाही लागलं. कशाला?"

"ताईला ड्युट्या जानेवारीत लावून घ्याव्या लागतात."

मी म्हटलं, सोमवारी देते. ती म्हणाली, "सोमवारी किती वाजता?"